बोर्डाने ‘नाना’ लिहिलं म्हणून दमा-सायनसचा हक्क संपत नाही

माजी सैनिकांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा: दमा, सायनस, जुनाट ब्राँकायटिस हे प्रकृतीचे आजार, त्यांना अपंगत्व पेन्शन नाही. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने ‘नाना’ (आजाराचा सेवेशी संबंध नाही) लिहिलं की विषय संपला. आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) निघाला असेल तर बोलायलाच नको. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्याला तसंही काही मिळत नाही. अपिलाचे सहा महिने उलटले की हक्क गेला, आणि अपंगत्व पेन्शनच्या २०२३ च्या नियमांनी उरलंसुरलंही बंद केलं.

यातल्या काही वाक्यांत अर्धं सत्य आहे, तेही खाली येईल. पण हा मजकूर वाचून माणसं अपीलच करत नाहीत, आणि नुकसान तिथेच होतं.

आधी ‘प्रकृतीचा आजार’ हा मुद्दा. ‘नाना’ म्हणजे आजार सेवेमुळे झालाही नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पेन्शनसाठी एकाचं उत्तर ‘हो’ असलं तरी पुरतं. दम्याचं मूळ अ‍ॅलर्जीत किंवा घराण्यात असू शकतं, हे कोणीच नाकारत नाही. पण थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आवळतात. बंद बंकरमधला रॉकेलच्या बुखारीचा धूर, वाळवंटातली धूळ, गाड्यांचं डिझेल, या सगळ्याने दमा भडकतो. निदान झाल्यावरही जवान अशाच ठिकाणी राहिला असेल, तर ‘वाढला का?’ हा प्रश्न बोर्डाला टाळता येत नाही. ब्राँकायटिसचं तर नावच १९८२ च्या पात्रता नियमांच्या परिशिष्टात, हवामानाचा परिणाम होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे.

बोर्डाचा शब्द शेवटचा, हेही चूक. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी स्पष्ट केलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असंच धरायचं. आजार आधीपासून होता असं म्हणायचं असेल, तर तो भरतीच्या तपासणीत का सापडला नाही याची कारणं बोर्डाने लिहायला हवीत. संशयाचा फायदा जवानाला. मात्र २०१९ च्या नरसिंग यादव निकालाने हेही बजावलं आहे की हे गृहीतक यांत्रिकपणे लावता येत नाही. त्यामुळे अपिलात फक्त ‘भरतीला फिट होतो’ एवढंच लिहून भागत नाही. बोर्डाच्या कारणांवर बोट ठेवावं लागतं.

ती कारणं एएफएमएसएफ-१६ या फॉर्ममध्ये असतात. बहुतेकदा एकच ओळ सापडते: आजार पीस स्टेशनला सुरू झाला, सेवेच्या ताणाशी जवळचा संबंध नाही, म्हणून नाना. हा निष्कर्ष झाला, कारण नव्हे. मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. प्रकरणात कारणं न देणाऱ्या बोर्डाच्या मतावर सर्वोच्च न्यायालयाने विसंबायला नकार दिला. फॉर्म समोर ठेवून तीन गोष्टी तपासा. निदानाआधीची दोन-तीन वर्षं पोस्टिंग कुठे होतं? खोकला, धाप, शिट्टीसारखा आवाज यांची पहिली नोंद एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) कागदावर कधीची आहे? निदानानंतर कुठे पाठवलं? पीस स्टेशनला फक्त निदान झालं आणि त्रास त्याआधी फील्डमध्येच सुरू झाला होता, असं अनेकदा याच कागदांतून दिसतं. ‘पीस स्टेशन’चा मुद्दा तिथेच ढिला पडतो.

सायनसमध्ये वेगळी अडचण येते. बोर्ड ‘नाकाचा पडदा वाकडा’ एवढंच निदान धरतं आणि ते जन्मजात म्हणून बाजूला ठेवतं. पडदा वाकडा असणं आणि वर्षानुवर्षांचा सायनसचा संसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ऑपरेशनआधीचा सायनसचा सीटी स्कॅन, दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल, पॉलिप (नाकातला मांसल कोंब) पुन्हा आल्याची नोंद आणि अँटिबायोटिकच्या प्रत्येक कोर्सची तारीख जोडा. दमा आणि सायनस दोन्ही असतील तर दोन्हींची स्वतंत्र नोंद आणि अपंगत्वाची एकत्रित टक्केवारी फॉर्मवर आली आहे का, ते बघा.

टक्केवारीची अट मात्र खरी आहे. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला किमान २० टक्के लागतातच. २०१९ च्या विंग कमांडर राठोड निकालानंतर १५ किंवा १९ टक्क्यांवर राउंडिंगचा (टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा) आधारही मिळत नाही. एकट्या सायनसचे दावे बरेचदा इथेच अडतात. पण आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलं असेल, तर सुखविंदर सिंग निकाल (२०१४) म्हणतो की अपंगत्व २० टक्क्यांहून जास्तच मानायचं.

म्हणून स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी) नीट करून घ्या. दम्याचा रुग्ण दोन अटॅकच्या मधल्या काळात अगदी नॉर्मल फुंकू शकतो. सकाळी पंप घेऊन चाचणीला गेलं की रिपोर्ट आणखी चांगला येतो आणि टक्केवारी घसरते. साल्बुटामॉलचा पंप चाचणीआधी साधारण ४ ते ६ तास बंद ठेवतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच. धाप लागली तर पंप घ्यायचाच. चाचणी औषधाआधी आणि औषधानंतर अशी दोनदा हवी. पहिल्या सेकंदात सोडलेली हवा औषधानंतर १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याला भक्कम आधार मिळतो. पुण्याच्या एआयसीटीएस या लष्करी हृदय-छाती रुग्णालयासारख्या ठिकाणी ॲडमिट झाला असाल, तर डिस्चार्ज समरी जपून ठेवा.

निवृत्ताला काही मिळत नाही, हे साफ खोटं. २० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल आणि सेवेशी संबंध मान्य झाला, तर सर्व्हिस पेन्शनवर अपंगत्व घटक मिळतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, हा आधार. धरण्याजोगा पगार ६०,००० असेल तर १०० टक्क्यांना १८,००० आणि २० टक्क्यांना ३,६०० रुपये. राम अवतार निकालाने (१० डिसेंबर २०१४) राउंडिंग निवृत्तांनाही लागू केलं: अपंगत्व ५० टक्क्यांपेक्षा कमी (पण किमान २०) असेल तर ५० धरायचे. म्हणजे ३,६०० चे ९,००० होतात, त्यावर महागाई भत्ता वेगळा.

मुदतीचं खरं असं: पहिलं आणि दुसरं, दोन्ही अपिलांना सहा-सहा महिने असतात. मुदत चुकली तरी उशीर माफ करण्याची विनंती करता येते. तरसेम सिंग निकालाने (२००८) पेन्शन न मिळणं हा चालू राहणारा अन्याय मानला. उशिरा गेलात तर थकबाकी बरेचदा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती राहते. उशीर महाग पडतो, पण त्याने हक्क मरत नाही.

२०२३ चे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे आहेत. ते मागच्या तारखेने लागू नाहीत, असं सरकारने सांगितलं आहे. सेवा पूर्ण करणाऱ्यांच्या अपंगत्व घटकाला त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नवं नाव आलं. २०१५ ला घरी आलेल्याने त्यांची धास्ती घेऊ नये.

एका गोष्टीची मात्र खरोखर काळजी घ्या. तंबाखूच्या अतिरेकातून झालेल्या आजाराला भरपाई नाही, असं नियमांतच आहे. हॉस्पिटलच्या केस शीटवर ‘स्मोकर’ असं चुकून पडलं असेल, तर आधीच्या वार्षिक तपासण्यांतल्या नोंदी दाखवून अपिलातच त्याला उत्तर द्या.

बोर्डाचे कागद जवळ नसतील तर सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्कासह अर्ज करा; उत्तराची मुदत ३० दिवसांची. एएफएमएसएफ-१६, भरतीची वैद्यकीय तपासणी, वैद्यकीय कॅटेगरी बदलल्याचे सगळे बोर्ड आणि पोस्टिंगची यादी नाव घेऊन मागा. ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहिलं तर अर्धवट संच येतो. दोन्ही अपिलं फेटाळली गेली तर महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. तिथे फेटाळल्याची पत्रं तारखेसह लागतात, म्हणून रेकॉर्ड ऑफिसचा एकही लिफाफा टाकून देऊ नका.