स्लाईडला गुण द्यायचे ते नेमके कशाचे?

निबंधाऐवजी विद्यार्थ्यांकडून स्लाईडचे सादरीकरण घ्यावे, ही नुकत्याच वाचलेल्या एका लेखातील सूचना मला अमान्य नाही. मात्र गुण कशाला द्यायचे, हा खरा प्रश्न लेखात दोन ओळींत आटोपला आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या महाविद्यालयात मी यंदा कातळशिल्पांचा, म्हणजे उघड्या खडकावर कोरलेल्या प्राचीन आकृतींचा, विषय दिला. उक्षी गावचा कोरलेला हत्ती, बारसू गावच्या सड्यावरील (खडकाळ पठारावरील) आकृती, २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झालेला समावेश, हे सारे बहुतेकांच्या स्लाईडवर देखण्या छायाचित्रांसह होते. पण जांभ्यात (कोकणातल्या तांबड्या खडकात) कोरलेल्या या आकृतींचा काळ ठरवणे अवघड का जाते, हे विचारताच निम्मा वर्ग गप्प झाला. निबंधात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ हे शब्द लिहावेच लागतात आणि तिथेच विचारातली फट उघडी पडते. स्लाईडवरील तुटक मुद्द्यांत ती सहज झाकली जाते. म्हणून मी आता वीसपैकी दहा गुण तोंडी प्रश्नोत्तरांना, सहा युक्तिवादाला व संदर्भांना आणि चारच मांडणीला ठेवले आहेत. (उड्या मारत येणाऱ्या अक्षरांना शून्य, हे आधीच सांगून टाकते.) गटाने केलेल्या सादरीकरणात कोणाचे काम किती, हे मात्र मला अद्याप नीट ठरवता आलेले नाही.