थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही परखड लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी माझ्या लेखात बसगाड्यांच्या वेळेला नको तितकं महत्त्व देतो, सामान्य माणसाला स्वस्त तिकीट, एसी गाडी आणि नीट बोलणारा कंडक्टर मिळाला की तो खूश असतो. पुरावा म्हणून तुम्ही मुंबईच्या बेस्ट बससेवेचं उदाहरण दिलंत, आणि प्रवासी समाधानी असल्याचं सांगणारं सर्वेक्षणही.

बेस्टचंच घेऊ. जुलै २०१९मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आलं आणि प्रवासी वाढले, हे खरंच आहे. घरकामाला जाणाऱ्या बाईसाठी रोजचे दहा-वीस रुपये ही मोठी रक्कम असते. पण नंतरच्या वर्षांत बेस्टच्या स्वतःच्या गाड्या भंगारात निघत गेल्या आणि त्या वेगाने नव्या आल्या नाहीत. तिकीट स्वस्त असूनही कितीतरी लोक जास्त पैसे मोजून शेअर रिक्षाकडे वळले, कारण रिक्षा समोर उभी असते. थांब्यावर नव्याने आलेला माणूस आधी विचारतो, "गेली का हो?" गाडी एसी आहे का, हा प्रश्न ती दिसल्यावरचा.

आता हिशेब पाहा. दर १० मिनिटांनी गाडी असेल, तर कधीही थांब्यावर या, सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल. तेवढ्याच गाड्या जोडीजोडीने, २० मिनिटांनी आल्या, तर थांबणं १० मिनिटांवर जातं. फेऱ्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, कागदावर सेवा तीच. प्रवाशाचा वेळ मात्र दुप्पट गेला. शिवाय थांब्यावरचं मिनिट गाडीतल्या मिनिटापेक्षा कितीतरी लांब वाटतं, उन्हापावसात तर फारच.

गाड्या जोडीने येतात याचं कारण साधं आहे. सिग्नलला अडकून एक गाडी मागे पडते, पुढच्या थांब्यांवर तोवर गर्दी साचते, ती चढवताना गाडी आणखी मागे पडते. मागची रिकामी गाडी तिला येऊन मिळते. तुम्हाला तिरसट वाटलेला कंडक्टर बहुतेकदा त्या पहिल्या गाडीत असतो. दाराशी लोंबकळणारी माणसं, सुट्ट्यांवरून वाद, मागून धक्के. त्याला सौजन्याचे धडे जरूर द्या, पण त्याच्या गाडीतली निम्मी माणसं मागच्या गाडीत बसली असती तर तोही वेगळा बोलला असता.

खेड्यात हेच आणखी स्पष्ट दिसतं. मुक्कामी एसटीच्या खिडक्या खडखडतात, सीट फाटलेली असते, तरी गावाचा तिच्यावर जीव असतो. पहाटे ती सुटणारच, या भरवशावर मुलं तालुक्याच्या कॉलेजात नाव घालतात. २०२१-२२च्या संपात ती बंद पडली तेव्हा गेलेला भरवसा पुष्कळ ठिकाणी अजून परतलेला नाही.

राहिला तुमचा सर्वेक्षणाचा मुद्दा. गाडीत बसलेल्यांना विचारलं तर समाधानी लोक भेटणारच. ज्याने कंटाळून हप्त्यावर दुचाकी घेतली, तो त्या गाडीत नसतोच. त्यापेक्षा जीपीएसच्या नोंदी काढून दर थांब्यावर दोन गाड्यांमध्ये प्रत्यक्ष किती मिनिटांचं अंतर पडलं, ते महिन्याला जाहीर करावं.

"मग एसी गाड्या घ्यायच्याच नाहीत का?" असं तुम्ही विचारलंत. घ्याव्यात, एप्रिलच्या उकाड्यात ती चैन नाही. पण भाडेतत्त्वावरच्या गाड्यांना नुसत्या किलोमीटरवर पैसे देऊ नयेत, ठरलेलं वेळेचं अंतर राखून धावण्याचाही त्यात हिशेब धरावा, आणि गर्दीच्या रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका राखावी.