प्लॅन वाढवून ग्रुप जुळत नाही

घरभर एकच गाणं एकत्र वाजवायला वायफायवरचे स्पीकर ॲपमध्ये जोडतात, त्या ग्रुपवरचा तुमचा लेख वाचला. 'स्पीकरचा ग्रुप सारखा तुटत असेल तर आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवा' हा त्यातला सल्ला काही पटला नाही. गाण्याला लागतं किती? चांगल्या दर्जाचं स्ट्रीमिंग म्हटलं तरी सेकंदाला 320 किलोबिटच्या आसपास. चार खोल्यांत चार स्पीकर लावले तरी 40 एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला 40 हजार किलोबिटचा) प्लॅन पुरून उरतो. खरा घोळ घरातल्या घरात असतो, स्पीकर एकमेकांना सापडत नाहीत तिथे.

आमच्याकडे स्वयंपाकघरातला स्पीकर ॲपमध्ये कधी दिसायचा, कधी गायब. फायबरवाल्याचा डबा दारामागे, त्यातून वायर ओढून आत दुसरा राउटर, आणि दोघांच्या वायफायचं नाव मात्र एकच! फोनमध्ये आयपी (नेटवर्कमधला फोनचा पत्ता) पाहिला तर हॉलमध्ये 192.168.1 ने सुरू होणारा, ओट्यापाशी 192.168.0 ने. म्हणजे एकाच छपराखाली दोन वेगळी नेटवर्क. आतला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला (म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क न बनवता बाहेरच्याच डब्याचं पुढे पसरवतो), स्पीकर बंद करून चालू केले, ग्रुप नव्याने बनवला, विषय संपला. एखादा स्पीकर गेस्ट, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर राहिला तरी हेच होतं. त्याबद्दल लेखात एक ओळ हवी होती. फॅक्टरी रीसेट मात्र अगदी शेवटी करा, नाहीतर सगळी जोडाजोड पहिल्यापासून.

ब्लूटूथच्या साउंडबारचा आवाज मागे पडतो, हे बरोबर लिहिलंय. गूगल होम ॲपमध्ये तो बाकीच्यांशी जुळवायला 'ग्रुप डिले करेक्शन' ही सेटिंग आहे.