ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (ओटी) आरसीआय नंबर नसला म्हणजे तो बोगस नाही

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (मुलाला रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देणारा) आरसीआय नंबर नसेल तर तो बोगस, लगेच थेरपी बंद करा. हे चुकीचं आहे. आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, तिकडे स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वगैरेंची नोंदणी होते, पण कायद्याने दिलेल्या त्या यादीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट नाहीतच, मग नंबर येणार कुठून?

महाराष्ट्रात यांच्यासाठी वेगळी कौन्सिल आहे, महाराष्ट्र स्टेट कौन्सिल फॉर ऑक्युपेशनल थेरपी अँड फिजिओथेरपी. तिथला नोंदणी नंबर विचारा, सर्टिफिकेट बघा, त्यावर ऑक्युपेशनल थेरपी लिहिलंय का फिजिओथेरपी तेही बघा कारण दोघांची कौन्सिल एकच आहे, आणि नोंदणी रिन्यू केलेली आहे ना तेही विचारा. महाराष्ट्रातली डिग्री बीओटीएच किंवा एमओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची बॅचलर किंवा मास्टर डिग्री. नुसता सेन्सरी इंटिग्रेशनचा (स्पर्श, हालचाल, तोल अशा संवेदनांवर काम करणारी पद्धत) छोटा कोर्स केलेल्या व्यक्तीला ओटी म्हणत नाहीत, खोलीत झोका न् रंगीत बॉल कितीही असोत. खरी काळजी इथे घ्यायची, आणि विचारलं म्हणून चांगला थेरपिस्ट चिडत नाही.

जवळ कोणी सापडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, नागपुरात जीएमसी (सरकारी मेडिकल कॉलेज), इथे ओटीचे डिपार्टमेंट आहेत, तिथे दाखवून आपल्या भागातलं कोणी आहे का विचारता येतं.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, चालू असलेली थेरपी उगाच तुटते. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.