एस्टिमेटला म्हणे दोनने गुणा

एक मेसेज फिरतोय आणि मॅनेजर मंडळी तो भक्तिभावाने फॉरवर्ड करतायत. सार असं की सॉफ्टवेअरचं एस्टिमेट (कामाला किती वेळ, किती खर्च लागेल याचा आकडा) म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से, त्यामुळे डेव्हलपर जो आकडा सांगेल त्याला सरळ दोनने गुणायचं, टीमला मात्र अलीकडचीच तारीख सांगायची म्हणजे पोरं लोळत नाहीत, आणि एवढं करूनही लांबलंच तर माणसं वाढवायची.

आधी दोनने गुणायचं बघू. बेंट फ्लूबियर्ग आणि अलेक्झांडर बुडझियर या संशोधकांनी २०११ मध्ये १,४७१ आयटी प्रोजेक्ट्सचा हिशोब मांडला, त्यात खर्च सरासरी २७ टक्क्यांनी वाढलेला. म्हणजे दुप्पट जास्तच झालं की! पण थांबा, त्यातल्याच दर सहापैकी एका प्रोजेक्टचा खर्च सरासरी २०० टक्क्यांनी वाढला होता, म्हणजे थेट तिप्पट, तिथे तुमची दुप्पट कुठे पुरणार. बऱ्याच जणांना विनाकारण फुगवायचं आणि जो खरंच बुडतोय त्याला अर्ध्यात सोडायचं, असा हा फॉर्म्युला. शिवाय डेव्हलपरने स्वतःचा बफर (हाताशी असावा म्हणून जास्तीचा वेळ) घातलेला असतोच, त्यावर टीम लीड घालतो, मग मॅनेजर दुप्पट करतो, आणि क्लायंटला हे सगळं माहीत असल्यामुळे तो निम्म्यावर आणतो. शेवटी खरा आकडा काय होता ते कुणालाच सांगता येत नाही.

अंदाजपंचे म्हणाल तर निम्मं खरंय, माणूस स्वतःच्या कामाचा वेळ कमीच धरतो. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस लागतील म्हटलं, लागले ५५ च्या वर. गंमत म्हणजे सगळं बिघडलं तर किती, याचं उत्तरही त्यांनी ४९ च्या आसपासच दिलं होतं. म्हणून तर 'तुला काय वाटतं' विचारण्यापेक्षा मागच्या तशाच कामाला प्रत्यक्षात किती लागले ते काढून बघा, ट्रॅकरमध्ये, म्हणजे कामांची नोंद ठेवतात तिथे, सगळं पडलेलं असतं, कुणी उघडत नाही एवढंच.

आणि एकच आकडा कशाला मागता? सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्या बॅरी बोहमने १९८१ मध्येच दाखवलं होतं की अगदी सुरुवातीला अंदाज पाव पट ते चौपट इतका इकडेतिकडे होऊ शकतो, रिक्वायरमेंट (नेमकं काय हवंय ते) आणि डिझाइन पक्कं होत जाईल तसा हा पट्टा अरुंद होतो (आपोआप नाही, कुणीतरी निर्णय घ्यावे लागतात). 'तीन ते आठ आठवडे' असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न सोपा आहे, आठ कशामुळे होतील? मग कळतं की जुन्या सिस्टिममधला डेटा अजून कुणी उघडूनच बघितलेला नाही. दोन दिवस देऊन तो बघा, मग परत एस्टिमेट करा. दोनने गुणलं की हा प्रश्न विचारलाच जात नाही, माझा खरा राग त्यावर आहे.

टाइट तारखेचं म्हणाल तर 'क्लायंटला महिनाअखेरीस हवंय, तुला किती लागेल?' असं विचारलं की उत्तर महिनाअखेरीच्या आसपासच येतं, तो अंदाज नसतो, तुमचाच आकडा परत येतो. आणि दाबून काम उरकलं की आधी टेस्टिंगला कात्री लागते, मग ते दिवस रिलीजनंतर बग काढण्यात जातात आणि ते कुणी एस्टिमेटमध्ये धरत नाही.

माणसं वाढवायचं तर आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमवर हात पोळलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच सांगून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं घातली की तो आणखी लांबतो. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या १०, दहा जणांत ४५, आणि नव्यांना शिकवणार कोण, तर जे आधीच मागे पडलेत तेच. हा नियम ढोबळ आहे हे त्याने स्वतःच मान्य केलं होतं, सुरुवातीलाच माणसं घेतली तर फायदा होतोही. पण मेसेजमधला सल्ला तर सगळं लांबल्यावरचा आहे ना, तेव्हा माणसं नाही, फीचर कमी करायचे असतात.