अल्कोमीटर शून्य दाखवतो, मग पुढे काय?

पर्यटनाचा सीझन सुरू झाला की गोव्याच्या किनारी भागात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो: दारू प्यायलात तर नाक्यावर सापडाल, गांजा ओढलात, गोळी घेतलीत तर अल्कोमीटर शून्य दाखवणार आणि पोलिसांना सोडावंच लागणार. वर पुस्ती: गांजा ओढलेला माणूस गाडी हळूच चालवतो, आणि गोळीची डॉक्टरने दिलेली चिठ्ठी खिशात असली की प्रश्नच मिटला.

शून्याचं खरं आहे. अल्कोमीटर श्वासातलं अल्कोहोल तेवढं मोजतो. गांजा, एमडीएमए (पार्ट्यांत घेतलं जाणारं ‘एक्स्टसी’), झोपेची गोळी त्याला कळतच नाही.

‘सोडावंच लागणार’ हे मात्र साफ खोटं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी आकडा आहे, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. अमली पदार्थांना आकडाच नाही; गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल असला की गुन्हा झाला. पहिल्या खेपेला 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हा जागेवर भरून सुटायचा तालांव (वाहतूक दंडाची पावती) नव्हे.

आकडा नाही म्हणून इथे डॉक्टरच्या तपासणीला महत्त्व. कलम 202 प्रमाणे अटकेपासून 2 तासांत ती व्हावीच लागते, नाहीतर माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. हरमलला पहाटे कोणाला धरलं तर डॉक्टर गाठताना पोलिसांची तारांबळच! डॉक्टर चाल, तोल, बोलणं, नाडी बघतो. एमडीएमए किंवा कोकेनने डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, हेरॉईनने टाचणीच्या टोकाएवढ्या. गांजाने डोळे लाल होतात. मग रक्त-लघवी प्रयोगशाळेत.

याच्या उलट, ‘लघवीत सापडलं म्हणजे नशेत गाडी चालवली’ असं पोलिसांच्या बाजूचे लोक म्हणतात, तेही चूक. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, चरबीत मुरतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष कित्येक आठवडे मिळतात. त्या रात्री अंमल होता की नाही, हे त्यावरून ठरत नाही. रक्तातलं टीएचसी काही तासांतच उतरतं, म्हणून रक्त लवकर घ्यावं लागतं. अर्थात सेवन हा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 27 खाली वेगळा गुन्हा आहेच.

गांजा ओढल्यावर वेग कमी होतो, कबूल. पण गाडी लेनमध्ये डुलते आणि ब्रेक उशिरा लागतो. हणजूणच्या अरुंद रस्त्यावर समोरून रेंट-अ-बाईकवाला येत असताना तो हळूपणा काय कामाचा?

राहिली चिठ्ठी. अल्प्राझोलमसारखी मन शांत करणारी, झोप आणणारी गोळी जवळ बाळगायला ती उपयोगी पडेल. कलम 185 मात्र गोळी कोणी लिहून दिली ते विचारत नाही.