खलनायक नसलेल्या गोष्टी

मधल्या काळात वाचलेली एक कादंबरी आणि पाहिलेले दोन सिनेमे डोक्यातून जाईनात, म्हणून लिहिते. आनंद यादवांची 'झोंबी', जयंत सोमलकरांचा 'स्थळ' आणि रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. तिन्हींत एक माणूस घुसमटतो. त्याला घुसमटवणारी माणसं त्याच्याच घरातली असतात आणि त्यांचा त्याच्यावर जीवही असतो. मला अशा गोष्टी फार मोलाच्या वाटतात.

आपल्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. पडद्यावर देवादिकांचा दरबार भरलेला असताना त्यांनी सावकारानं नागवलेला शेतकरी दाखवला. जमीन गेल्यावर शहरात गिरणीत राबायला जाणारा तो तरुण म्हणजे व्ही. शांताराम. केवढी हिंमत! पण तिथं वैरी कोण हे उघड होतं, त्याच्याकडे बोट दाखवता येत होतं. घरातल्या माणसाकडे कसं दाखवायचं?

'झोंबी'तला कागलचा आनंदा शाळेसाठी तळमळतोय आणि दादाला, म्हणजे त्याच्या वडिलांना, तो रानात हवाय. दादा मारतो, घालूनपाडून बोलतो, वाचताना संताप येतो. पण यादव दादाचा हिशोबही दाखवतात. गावात सगळ्यांच्या आधी आपलं गुऱ्हाळ लागलं पाहिजे, कारण बाजारात पहिल्या गुळाला भाव चढा. बाकीचे लोक ऊस अजून थोडा रानात ठेवतात, म्हणजे गूळ जास्त पडतो. दादाला तेवढा दम नाही. गुळाच्या आपल्या मुलखात ही घाई कुणाला समजावून सांगायला नको.

आणि ती आई! शेणी लावता लावता पोरगं तिच्यापाशी शाळेचा विषय काढतं. नवऱ्यापुढं आपलं काही चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक. मग मायलेक रात्रीचे गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात, सगळं सांगतात आणि वर विनवतात, आम्ही येऊन गेलो हे दादाला कळू देऊ नका. दत्ताजीरावांनी खडसावल्यावर दादा शेवटी कबूल होतो, पण अटी घालून. अकरापर्यंत रानात पाणी पाजायचं, तिथनंच दप्तर घेऊन शाळा गाठायची, सुटल्यावर जनावरं चारायची. पोरगं सगळ्याला हो म्हणतं. पुढं सौंदलगेकर मास्तर कवितेचं वेड लावतात आणि हा पोरगा म्हशीच्या पाठीवर काठीनं ओळी लिहायला लागतो. आधी पाणी पाजताना एकटेपणा खायला उठायचा, आता तोच हवासा वाटतो. या पानांवर मी बराच वेळ थांबले. ज्या रानानं त्याची शाळा तोडली, त्याच रानात त्याला कविता सापडली. दादाला यातलं काही कळलंही नसेल.

'स्थळ' मावशीबरोबर पाहिला. विदर्भातली सविता, कापूस पिकवणारे वडील आणि एकामागून एक येणारे पाहुणे. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, छंद काय, दरवेळी तेच प्रश्न. सुरुवातीला स्वप्नात हे सगळं उलटं होतं, सविता मुलगा बघायला बसते, तेव्हा थिएटर हसलं. मग खरे पाहुणे यायला लागले आणि हसू आटलं. मावशी हळूच म्हणाली, "आमच्या वेळी बी असंच हुतं गं." काम करणारी माणसं गावातलीच आहेत, ते प्रत्येक चौकटीत जाणवतं. सविताचा तिच्या मास्तरांवर जीव जडण्याचा धागा मला जरा ओढलेला वाटला. पण बापाचा चेहरा विसरता येत नाही. लेकीचं भलं व्हावं म्हणूनच तो तिला पुन्हा पुन्हा त्या बैठकीत बसवतोय.

'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं, ते बऱ्याच जणांनी वाचलं असेल. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतकात नातेवाईक सांत्वन करतात आणि त्याच बैठकीत त्याच्या लग्नाचं काढतात. त्याचं मन बाल्यापाशी आहे, लहानपणीच्या दोस्तापाशी. आईला आपला मुलगा ठाऊक आहे. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या मायेनं, आणि तेही गावच्या मातीत, मी मराठी पडद्यावर याआधी पाहिलं नव्हतं.

ऑफिसातले एकजण म्हणाले, अशा सिनेमांत काही घडतच नाही. मला हे अजिबात पटत नाही. जीव लावणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायची वेळ येणं, याहून मोठं काय घडायचं असतं?

'झोंबी'चे पुढचे भाग, 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल', वाचायचे राहिलेत. 'झोंबी' मावशीनं नेली होती, कालच परत केली. तिचं म्हणणं, दादाला एवढं समजून घ्यायचं काही कारण नाही. मार खाल्लेल्या पोराला आणि त्याच्या आईला विचारा. आमचा वाद अजून मिटलेला नाही. ज्यांनी वाचलीय त्यांनी सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूनं?